ओमेगल

ओमेगल हे दोन अनोळखी व्यक्तींची योगायोगाने गाठ घालून देणारे अमेरिकन गप्पा-संकेतस्थळ होते. २५ मार्च २००९ रोजी सुरू झालेले हे संकेतस्थळ ८ नोव्हेंबर २०२३ रोजी कायमचे बंद करण्यात आले. येथे नोंदणी नव्हती, नाव नव्हते, छायाचित्र नव्हते. एक कळ दाबताच जगाच्या कोणत्याही भागातील कोणीतरी समोर येई आणि पुन्हा कळ दाबताच नाहीसे होई. या साधेपणामुळे ते लोकप्रिय झाले आणि याच साधेपणामुळे मुलांच्या लैंगिक शोषणाचे साधन म्हणून त्याचे नाव न्यायालयात गेले. अनोळखी व्यक्तींशी ऑनलाइन बोलताना कोणते धोके वापरकर्त्याला स्वतः टाळता येतात आणि कोणते संकेतस्थळाच्या रचनेतच असतात, या चर्चेत ओमेगल हे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

अनोळखी व्यक्तींशी संगणकावरून गप्पा मारण्याची पद्धत ओमेगलपेक्षा बरीच जुनी आहे. फिनलंडमधील यार्को ओइकारिनेन याने १९८८ मध्ये आयआरसी ही गप्पांची प्रणाली तयार केली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि पुढील काही वर्षांत सायबर कॅफेंमधून याहूच्या चॅटरूम येथील तरुणांच्या परिचयाच्या झाल्या. तेथे संभाषणाची सुरुवात बहुधा ‘एएसएल’ या तीन इंग्रजी आद्याक्षरांनी होई. वय, लिंग आणि ठिकाण सांगा असा त्याचा अर्थ. मिळालेले उत्तर खरे की खोटे हे तपासण्याचा मार्ग नसे. तरीही प्रत्येकाला निदान एक टोपणनाव असे. त्याच नावाने माणूस रोज येत असल्याने जुन्या मंडळींना परस्परांची काही पारख होई आणि आयआरसीसारख्या ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार कक्षाच्या चालकाकडे असे.

ही व्यवस्था पुरेशी नव्हती. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये युरोप, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील आपल्या मोफत चॅटरूम बंद केल्या, तेव्हा मुलांची सुरक्षितता हेच कारण पुढे केले होते. याहूनेही २००५ मध्ये वापरकर्त्यांनी स्वतः उघडलेल्या चॅटरूम बंद केल्या. ओमेगल आले ते यानंतर चार वर्षांनी आणि त्याने टोपणनावही काढून टाकले.

स्थापना व कार्यपद्धती

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथे राहणाऱ्या लीफ के-ब्रूक्स याने वयाच्या अठराव्या वर्षी, आईवडिलांच्या घरातून हे संकेतस्थळ सुरू केले. अनोळखी लोकांशी बोला, असे थेट आवाहन त्याच्या बोधचिन्हाशेजारीच होते. महिन्याभराच्या आत रोज सुमारे दीड लाख वेळा त्याची पाने पाहिली जाऊ लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोतील सतरा वर्षांच्या आंद्रेय तेर्नोव्हस्की याने याच कल्पनेवर दृक्‌-संवादाचे चॅटरूलेट सुरू केले. मार्च २०१० मध्ये ओमेगलनेही कॅमेऱ्याद्वारे संवादाची सोय दिली.

लेखी संवादात एका बाजूला ‘तुम्ही’ आणि दुसऱ्या बाजूला ‘अनोळखी’ एवढीच संबोधने दिसत. पुढे आवडीचे विषय लिहून समान आवडीच्या व्यक्तीशी जोडले जाण्याची, तसेच महाविद्यालयीन ई-मेल पत्त्याच्या आधारे केवळ विद्यार्थ्यांशी बोलण्याची सोय झाली. ‘हेर’ प्रकारात एक जण प्रश्न टाकून दोन अनोळखी व्यक्तींची त्यावरील चर्चा नुसती पाहत असे. आवडीचे विषय लिहिण्याची सोय उपयुक्त वाटली, तरी तिला दुसरी बाजू होती. लहान मुलांच्या आवडीचा खेळ किंवा मालिका प्रौढ व्यक्तीनेही लिहिली, की गाठ कोणाशी पडावी हे पूर्णपणे योगायोगावर राहत नसे.

कॅमेऱ्याच्या संवादाचे देखरेखीखालील आणि देखरेखीविना असे दोन विभाग होते. देखरेखीविना विभागात जाण्यापूर्वी आपण प्रौढ असल्याचे सांगणारी कळ दाबावी लागे. सुरुवातीच्या नियमांनुसार तेरा वर्षांवरील मुलांना पालकांच्या संमतीने संकेतस्थळ वापरता येत होते; शेवटच्या काळात ही मर्यादा अठरा वर्षे करण्यात आली. मात्र वयाची पडताळणी अखेरपर्यंत नव्हती, त्यामुळे नियम बदलला तरी दारावरची परिस्थिती तीच राहिली.

प्रसार

२०२० मधील कोरोना महासाथीच्या काळात घरात अडकलेल्या मुलांचा ओढा ओमेगलकडे वाढला. बीबीसीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात जानेवारी २०२० मध्ये महिन्याला सुमारे ३ कोटी ४० लाख असलेल्या भेटी जानेवारी २०२१ मध्ये सुमारे साडेसहा कोटींवर गेल्याचे नमूद केले होते. अमेरिका, ब्रिटन आणि मेक्सिको यांच्याबरोबर भारतातही या संकेतस्थळाला मोठा प्रतिसाद असल्याचे त्यात म्हटले होते. भारतात त्याचा प्रसार मुख्यतः यूट्यूबवरील चित्रफितींतून झाला. गाणे म्हणून दाखवणारे, जादूचे प्रयोग करणारे किंवा नुसती थट्टा करणारे तरुण समोरच्या व्यक्तीची प्रतिक्रिया ध्वनिचित्रमुद्रित करून प्रसिद्ध करत. यांतील बहुतेक चित्रफिती निरुपद्रवी होत्या. मात्र ज्या व्यक्तीची प्रतिक्रिया लाखो लोक पाहत, तिला आपले मुद्रण होत असल्याची कल्पना अनेकदा नसे.

ओमेगलवर चांगले अनुभव आलेल्यांची संख्याही मोठी आहे. परकी भाषा बोलण्याचा सराव, एकटेपणातला विरंगुळा, ज्या गोष्टी ओळखीच्या माणसांपाशी काढता येत नाहीत त्या बोलण्याची मोकळीक, अशी कारणे त्याचे वापरकर्ते सांगत. ही गरज खरी होती, असे मानल्याशिवाय या संकेतस्थळाच्या लोकप्रियतेचा उलगडा होत नाही.

निनावीपणाची मर्यादा

ओमेगलवर नाव विचारले जात नसले, तरी वापरकर्ता निनावी राहतच असे असे नाही. कॅमेऱ्याचा संवाद बहुतांशी दोन संगणकांमध्ये थेट चाले. चित्र मधल्या सर्व्हरवरून न जाता एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाई. अशा जोडणीत दोन्ही यंत्रांना परस्परांचा आयपी पत्ता कळणे भागच असते. तो पत्ता ब्राउझरमधील छोट्या आज्ञावलीने वाचून समोरच्याला त्याच्या शहराचे नाव सांगून घाबरवणे हा ओमेगलवरील नित्याचा प्रकार होता. आयपी पत्त्यावरून घर सापडत नाही. सेवा देणारी कंपनी आणि अंदाजे शहर किंवा जिल्हा तेवढा कळतो. मात्र हे ठाऊक नसलेल्या मुलाला ‘तू कुठे राहतोस ते मला माहीत आहे’ ही धमकी खरी वाटते.

उलट दिशेने, पडद्यावर दिसणारा चेहरा समोरच्या माणसाचाच असेल याची खात्री नव्हती. आभासी कॅमेऱ्याच्या आज्ञावलीतून आधी मुद्रित केलेली दुसऱ्याच कोणाची चित्रफीत चालू संवाद म्हणून दाखवता येते. आवाज चालत नाही, लिहून बोलू या, अशी विनंती अशा वेळी हटकून येते. समोरच्याला विशिष्ट हालचाल करायला सांगणे ही जुनी परीक्षा होती; चेहरा तत्काळ बदलणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आता तिच्यावरही विसंबता येत नाही.

ओळख उघड होण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र तांत्रिक नसून संभाषणातील असते. मराठीत, किंबहुना बहुतेक भारतीय भाषांत, अनोळखी माणसाशी बोलणे गाव आणि आडनाव विचारूनच सुरू होते. एसटीच्या बाकावर ही विचारपूस दोन्ही बाजूंनी होते आणि दोघेही एकमेकांना दिसत असतात. पडद्यावर ती एकाच बाजूने खरी असू शकते. आडनाव, तालुका आणि महाविद्यालय एवढ्या तीन गोष्टींवरून समाजमाध्यमांवर माणूस शोधणे कठीण नसते. मागे अडकवलेला शाळेचा गणवेश, ओळखपत्राची फीत किंवा खिडकीतून दिसणारी दुकानाची पाटी न विचारताच तेच काम करते. भारतात मोबाइल क्रमांक देणे म्हणजे प्रत्यक्षात नाव देणेच होय, कारण यूपीआय अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला असता बँकेत नोंदलेले खातेदाराचे नाव अनेकदा समोर येते.

शोषणाचे स्वरूप

ओमेगलवरील गैरवापराचा एक भाग तत्काळ घडणारा होता. कॅमेरा सुरू होताच अश्लील वर्तन दिसण्याचे प्रमाण इतके होते की नियमित वापरकर्ते ते गृहीतच धरत. त्याहून गंभीर भाग संकेतस्थळाबाहेर घडे. प्रौढ व्यक्ती मुलाशी सहानुभूतीने बोले, त्याच्या शाळेतील किंवा घरातील अडचणी ऐकून घेई आणि काही मिनिटांत दुसऱ्या अ‍ॅपवर येण्यास सांगे. ओमेगलवर संवाद तुटला की माणूस कायमचा हरवे. दुसऱ्या अ‍ॅपवर मात्र नाव, मित्रांची यादी आणि जुने फोटो उपलब्ध होत. तेथे एक खासगी छायाचित्र मिळाले, की ते सर्वांना पाठवण्याची धमकी देऊन आणखी छायाचित्रे मागितली जात. या प्रक्रियेत पहिली मागणी बहुधा लहान आणि निरुपद्रवी वाटावी अशीच असते.

संकेतस्थळाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद असा, की वापरकर्त्याला कोणत्याही क्षणी कळ दाबून निघून जाता येत होते. प्रौढांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. परंतु निघून जाण्याची कळ ज्याला धोका ओळखता येतो त्याच्याच उपयोगी पडते. शिवाय ज्याला टाळून मुलगा निघून गेला, तो दुसऱ्याच क्षणी दुसऱ्या मुलासमोर येत असे. नाव नसल्याने त्याच्या मागील वर्तनाची आठवण कोणाकडेच राहत नसे. चॅटरूममधील टोपणनाव जे थोडेफार काम करत होते, ते येथे करणारे काहीच नव्हते.

अमेरिकेतील बेपत्ता व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राकडे ओमेगलने २०२२ मध्ये संशयित बाललैंगिक शोषणाची सहा लाखांहून अधिक प्रतिवृत्ते पाठवली. आदल्या वर्षी ही संख्या पन्नास हजारांच्या आत होती. या वाढीचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. प्रतिवृत्ते वाढणे हे शोषण वाढल्याचे, तसेच शोधण्याची यंत्रणा सुधारल्याचेही लक्षण असू शकते. तरीही अगदी थोडे कर्मचारी असलेल्या संकेतस्थळाच्या मानाने हा आकडा अवाढव्य होता.

न्यायालयीन खटले

अमेरिकेतील १९९६ च्या कम्युनिकेशन्स डीसेन्सी कायद्याच्या कलम २३० नुसार वापरकर्त्यांनी टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला प्रकाशक म्हणून जबाबदार धरता येत नाही. ओमेगलविरुद्धच्या दाव्यांत हेच कलम निर्णायक ठरत होते.

२०२१ मध्ये ऑरेगन राज्यातील संघीय न्यायालयात एका तरुणीने ‘ए. एम.’ या आद्याक्षरांनी दावा दाखल केला. २०१४ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, ओमेगलने तिची गाठ कॅनडातील एका प्रौढ पुरुषाशी घालून दिली होती. त्याने पुढील सुमारे तीन वर्षे तिला धमकावून तिच्याकडून छायाचित्रे आणि चित्रफिती मिळवल्या. त्याला कॅनडात अटक होऊन शिक्षाही झाली. दाव्यात २ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मागण्यात आली होती. वादीच्या वकिलांनी मजकुराविषयी तक्रार न करता ओमेगल हे सदोष उत्पादन असल्याची भूमिका घेतली. यंत्राचा ब्रेक सदोष असेल तर उत्पादक जबाबदार असतो, तसाच अल्पवयीन मुले आणि प्रौढ यांची गाठ घालणारी रचना करणारा जबाबदार असला पाहिजे, असा त्याचा आशय होता.

जुलै २०२२ मध्ये न्यायाधीश मायकेल मोसमन यांनी उत्पादन-दायित्वाचे दावे कलम २३० च्या आधारे फेटाळण्यास नकार दिला. एकाही संदेशावर देखरेख न ठेवता, केवळ मुलांची प्रौढांशी गाठ पडणार नाही अशी रचना करून ओमेगलला आपले कर्तव्य पार पाडता आले असते, असा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता. मजकूर आणि रचना यांतील हा भेद त्यानंतर इतर समाजमाध्यमांविरुद्धच्या वादांतही मांडला गेला. सर्व न्यायालयांनी तो स्वीकारला असे मात्र नाही. अकरा वर्षांच्या दुसऱ्या एका मुलीच्या पालकांनी केलेला दावा फ्लोरिडातील संघीय न्यायालयाने २०२२ मध्ये कलम २३० च्याच आधारे फेटाळला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

बंद होणे

ए. एम. यांच्या दाव्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली. संकेतस्थळ बंद करणे हा त्या तडजोडीचाच भाग असल्याचे वादीच्या वकिलांनी सांगितले. ८ नोव्हेंबर रोजी मुखपृष्ठावर थडग्याच्या दगडावर कोरलेले ओमेगलचे नाव, २००९ ते २०२३ ही वर्षे आणि के-ब्रूक्स याचे दीर्घ निवेदन झळकले. गैरवापराशी झुंजण्याचा खर्च आणि ताण आपल्याला आता आर्थिक वा मानसिकदृष्ट्या पेलणारा नाही, असे त्याने त्यात म्हटले. गुन्ह्यांसाठी ओमेगल वापरले गेल्याची कबुली देताना त्याने ए. एम. यांचे आभार मानले. त्याच वेळी अशा सेवांवरील हल्ला हा मुक्त इंटरनेटवरील हल्ला असल्याची भूमिकाही कायम ठेवली. दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात असल्याने त्यावर परस्परविरुद्ध प्रतिक्रिया उमटल्या.

ओमेगल बंद झाल्यावर त्याच धर्तीची इतर संकेतस्थळे आणि मोबाइल अ‍ॅप पुढे आली. काहींनी नावाचे साधर्म्यही ठेवले. प्रत्येकाची देखरेख, वयाची अट आणि माहिती साठवण्याची पद्धत वेगळी असल्याने एकाविषयीचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही.

भारतातील संदर्भ

भारतात अनोळखी व्यक्तींच्या दृक्‌-संवादातून होणारा सर्वाधिक परिचित गुन्हा म्हणजे सेक्सटॉर्शन, अर्थात लैंगिक चित्रफितीच्या आधारे मागितलेली खंडणी. तो ओमेगलपेक्षा फेसबुक, व्हॉट्सॲप आणि डेटिंग अ‍ॅपवर अधिक घडतो. स्त्रीच्या नावाने मैत्रीची विनंती, एक-दोन दिवसांच्या गप्पा, मग व्हिडिओ कॉल आणि त्यात आधी मुद्रित केलेली अश्लील चित्रफीत, असा त्याचा क्रम असतो. कॉल घेणाऱ्याचा चेहरा त्या चित्रफितीसोबत मुद्रित होतो आणि पैशांची मागणी सुरू होते. काही दिवसांनी पोलीस अधिकारी किंवा यूट्यूबचा अधिकारी म्हणवणाऱ्याचा दूरध्वनी येतो. चित्रफीत काढून टाकण्यासाठी किंवा गुन्हा मिटवण्यासाठी तो आणखी पैसे मागतो. हा दुसरा माणूसही त्याच टोळीतला असतो. पुण्यात २०२२ मध्ये अशा धमक्यांनी खचलेल्या तरुणांनी जीव गमावल्याच्या घटना घडल्या आणि एका प्रकरणाचा तपास राजस्थानातील अलवर जिल्ह्यापर्यंत पोहोचला.

मुद्रित चित्रफीत हे या गुन्ह्याचे साधन असले, तरी त्याची खरी शक्ती लाजेत असते. घरी कळले तर फोन काढून घेतला जाईल किंवा शिक्षण थांबेल, या भीतीने मुले, विशेषतः मुली, धमकी देणाऱ्यालाच एकमेव आधार मानू लागतात. पैसे दिल्याने मागणी थांबत नाही. पैसे देणारा माणूस सापडल्याची ती खूण ठरते.

अनोळखी व्यक्तीशी बोलायचेच असल्यास खरे नाव, क्रमांक आणि नेहमीचे समाजमाध्यम खाते त्यापासून वेगळे ठेवणे, दुसऱ्या अ‍ॅपवर जाण्याची घाई नाकारणे आणि कॅमेऱ्यासमोरील प्रत्येक क्षण मुद्रित होत आहे असे धरून वागणे, एवढी दक्षता उपयोगी पडते. मित्रांची यादी सार्वजनिक नसेल, तर धमकीतील ‘सर्वांना पाठवीन’ या शब्दांचे वजन बरेच कमी होते.

कायदा व तक्रार

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-ई संमतीविना खासगी अवयवांचे चित्रण करणे वा ते प्रसृत करणे आणि कलम ६७-बी मुलांविषयीचा लैंगिक मजकूर, तसेच ऑनलाइन माध्यमातून मुलांना लैंगिक हेतूने भुलवणे यांसाठी शिक्षा सांगते. अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. खंडणीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली येतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बाधित व्यक्तीची तक्रार आल्यापासून ठरावीक मुदतीत अशी खासगी चित्रे काढण्याचे बंधन संकेतस्थळांवर घातले; सुरुवातीला ही मुदत चोवीस तासांची होती. कलम २३० शी समांतर असे संरक्षण भारतात कलम ७९ मध्ये आहे, पण ते अटींसह मिळते.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद संकेतस्थळावर किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवल्यास ती रक्कम पुढील खात्यांत गोठवली जाण्याची शक्यता असते. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. घाबरून संभाषण पुसून टाकणे ही सर्वसामान्य चूक होय. तपासासाठी संदेश, वेळ, पैसे मागितलेला यूपीआय पत्ता आणि खात्याचा मूळ दुवा लागतो, कारण दिसणारे नाव गुन्हेगार केव्हाही बदलतो. अल्पवयीन मुलाचे चित्र मात्र पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना किंवा गटात पुढे पाठवू नये, कारण ते प्रसृत करणे हाच गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा सामग्रीसाठी ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग टाळण्याची सूचना केली. त्याऐवजी शोषण व अत्याचार दर्शवणारी संज्ञा वापरावी, असे सांगितले.

चित्रे पसरण्याआधीच रोखण्यासाठी प्रौढांसाठी स्टॉपएनसीआयआय आणि अठरा वर्षांखालील वयात काढलेल्या चित्रांसाठी टेक इट डाउन या मोफत सेवा उपलब्ध आहेत. त्यांत चित्र कोणाकडेही पाठवावे लागत नाही. वापरकर्त्याच्या यंत्रावरच त्याचा अंकीय ठसा तयार होतो आणि तेवढाच ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. तो जुळला की चित्र अडवता येते. संपूर्ण कूटबद्ध असलेल्या खासगी संभाषणांत मात्र या ठशांचा उपयोग होत नाही.